तिसऱ्या सायलेन्सरचा आवाज

डांगातल्या एका फरशी पुलावर माझी गाडी बंद पडली, तिथून हे सगळं सुरू झालं. पाणी गुडघ्याच्या खाली होतं. एवढ्या पाण्यातून ही गाडी सहज जाते. लांब सस्पेन्शनची, उंच सीटची ॲडव्हेंचर बाइक, असल्याच रस्त्यांसाठी बनवलेली. पण मधोमध एक म्हैस आडवी आली, मी ॲक्सिलरेटर सोडला आणि इंजिन बंद पडलं. कंपनीचा सायलेन्सर खाली, मागच्या चाकाच्या बाजूला. त्याचं तोंड पाण्यात होतं. इंजिन चालू असतं तोवर धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो. ते थांबलं की पाणी आत शिरतं. पलीकडच्या पाड्यातल्या माणसांनी गाडी ढकलत काठावर आणली. सायलेन्सरमधून पाणी काढता काढता मी ठरवलं, आता उंच सायलेन्सर बसवायचा. सीटच्या उंचीला, तोंड आकाशाकडे.

ठरवणं सोपं होतं. निवडताना मात्र पंचाईत झाली, ती आबांमुळे, माझ्या वडिलांमुळे.

मी सुरतेजवळ हजीऱ्याला एका प्लान्टच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही राहतो दिंडोलीत. आबा साक्रीकडून तरुणपणी सुरतेत आले आणि सगळं आयुष्य कडोदऱ्याच्या लूमवर, यंत्रमागावर काढलं. माझं शिक्षण, भावाचं लग्न, दिंडोलीतली ही दोन खोल्यांची जागा, सगळं त्या मागांनी दिलं आणि बदल्यात आबांचे कान घेतले. आता त्यांना जवळपास काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणून दिलं होतं, ते कपाटात आहे. त्यात नुसता वारा वाजतो म्हणतात. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलतात, आणि लोक वळून पाहतात म्हणून फार कमी बोलतात.

दर रविवारी मी त्यांना गाडीवर बसवून उधन्याला त्यांच्या जुन्या सोबत्यांकडे सोडते. ते मागे बसतात तेव्हा माझ्या पाठीत आणि त्यांच्यात वीतभर जागा ठेवतात. हात मागच्या कॅरियरला. वयात आलेल्या मुलीच्या मागे बाप बसतो तसे, अंग चोरून. उंच सायलेन्सर बरोबर त्यांच्या उजव्या पोटरीपाशी येणार होता. तो तापतो. म्हणून मी ठरवलं की निवड करायची तर आबांना बसवूनच.

गॅरेज इच्छापोरला, माझ्या कामाच्या वाटेवर. मालक सौराष्ट्राकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. रविवारी दुपारी त्याने माझ्यासाठी गॅरेज उघडं ठेवलं. त्याच्याकडे माझ्या गाडीला बसतील असे तीन सायलेन्सर होते. पहिला आखूड, टोकाला काळी जाळी, दिसायला देखणा. दुसरा लांब, जाड पत्र्याचा, वजनाने भारी, आत आवाज मारणारी नळी आणि बाहेरून उष्णता अडवणारा पत्रा. तिसरा कुठल्याच कंपनीचा नव्हता. मालकाने तिथल्याच एका वेल्डरकडून स्टीलच्या पाइपाचा बनवून घेतला होता. ओबडधोबड, पण हलका, आणि माझ्या उजव्या बाजूच्या सामानाच्या पेटीला अजिबात न लागणारा.

मला मनातून तोच आवडला होता.

गाडी मेन स्टँडवर चढवली. आबांना मागे बसवलं. इंजिनातून येणाऱ्या बेंड पाइपला पहिला सायलेन्सर जोडून मालकाने गाडी सुरू केली. पत्र्याचं छप्पर थरथरलं. मी कानांवर हात ठेवले. आबा स्वस्थ बसले होते. त्यांनी पाय थोडा आत घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "चटका लागस!" पहिला बाद झाला. अशा आवाजाने पोलिसांनी पहिल्याच चौकात थांबवलं असतं, ते वेगळंच.

दुसरा लावला. घुमा, दबका आवाज. आबा कंटाळून समोरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले.

तिसरा लावायला थोडा वेळ गेला. ब्रॅकेटचा नट जुळत नव्हता. मग मालकाने बटण दाबलं.

आवाज मोठा नव्हता. पण एकेका ठोक्यामागे एक बारीक ठोका येत होता. आतली नळी कुठेतरी किंचित सैल असावी. खट्, आणि लगेच मागून पुन्हा खट्. मागावर इकडून फेकलेला धोटा तिकडे जाऊन आपटावा, तसा. मी लहानपणी आबांचा डबा घेऊन कडोदऱ्याच्या शेडमध्ये गेले आहे. तो आवाज मला माहीत होता. मी आबांकडे पाहिलं.

त्यांची पाठ ताठ झाली होती. डोळे उघडे, पण गॅरेजवर नव्हते. उजवा हात हळूहळू वर आला आणि हवेत काहीतरी दाबून पुढे सरकला. डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासली गेली. तुटलेला धागा जोडताना करतात तशी गाठ. पुन्हा उजवा हात. पुन्हा गाठ. बोटं बिनचूक चालत होती. मग ते थांबले, मान डावीकडे वळवली आणि शेजारी कोणी उभं असावं तसं बोलले.

"ऊना का तू? इतला येळ कोठे व्हता?"

आलास का तू, इतका वेळ कुठे होतास. शब्दांनी मी घाबरले नाही. घाबरले आवाजाने. आबा हळू बोलले होते. इंजिन चालू असताना, स्वतःचा आवाज नीट ऐकू येणाऱ्या माणसासारखे, घरगुती, हलक्या आवाजात. त्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं होतं, मला आठवेना.

डावीकडे भिंत होती आणि टायर लटकत होते.

मालकाने घाबरून किल्ली फिरवली. आबा दचकले. सगळीकडे पाहून ओरडले, "कोनी बंद करं? चालू लूम कोनी बंद करं?"

मी त्यांना धरून खाली उतरवलं, पाणी दिलं. ते माझ्याकडे थोडा वेळ अनोळखी नजरेने पाहत राहिले. मग हात झटकून बाहेर जाऊन रिक्षाच्या सावलीत बसले.

"वडिलांना काही त्रास आहे?" मालकाने हिंदीत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हा तिसरा मी थोडे दिवस वापरून पाहते."

असं मी का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुसरा घ्यायला हवा होता, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण आबांचा तो हळू आवाज मला पुन्हा ऐकायचा होता.

घरी आल्यावर मी मायला सांगितलं. माय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"तो," ती म्हणाली. तिने भाकरी तव्यावर टाकली.

मग तिने सांगितलं. लग्नाच्या आधीपासून आबांसोबत खोलीत राहणारा एक माणूस होता. साक्रीच्या पलीकडचा. शेडमध्ये त्याचा माग आबांच्या डाव्या हाताला. एका दुपारी चालू पाळीत तो माग तसाच चालता ठेवून बाहेर गेला. आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याची पाठ पाहिली होती. पाणी प्यायला गेला असेल असं त्यांना वाटलं. त्या आवाजात हाक मारून उपयोग नव्हताच. तो परत आला नाही. खोलीवर नाही, गावी नाही, दवाखान्यात नाही. कपडे दोरीवर, रबरी चप्पल शेडच्या दाराशी. पोलिसात लिहून दिलं. त्याची बायको येऊन गेली. शेडच्या मालकाने त्या मागावर दुसरा माणूस लावायचा म्हटलं तर आबा ऐकेनात. दोन्ही माग एकटेच चालवत होते, इकडून तिकडे धावत, शेवटी मालकाने दटावलं तोवर.

"तेव्हापासूनच यांना कमी ऐकू यायला लागलं," माय म्हणाली. "डॉक्टर म्हणे लूममुळे. असेल." तिने भाकरी उलटली. "काय बोलले ते त्याच्याशी?"

मी सांगितलं.

तिने तव्याकडे पाहत म्हटलं, "मनासंगे कधी असं हळू बोलनात नही." माझ्याशी कधी नाही.

पुढच्या रविवारी मी आबांना घेऊन निघाले. सकाळची वेळ, लख्ख ऊन, रस्त्यावर भाजीचे टेम्पो. सायलेन्सर उजव्या बाजूला उंच बांधलेला. मी त्यांच्या पोटरीला जुन्या जीन्सचा जाड तुकडा गुंडाळला होता. ते बसले. मी गाडी सुरू केली. खट्, खट्. उधन्याच्या वळणावर त्यांनी माझा डावा खांदा दाबला. तिकडे नको, असं. मग सरळ. मग पुन्हा खांदा. ते मला कडोदऱ्याला नेत होते.

हायवेला लागल्यावर पहिल्यांदा मला जाणवलं की आबा माझ्या पाठीला चिकटून बसले आहेत.

वीतभर सोडाच, बोटभर जागा नव्हती. त्यांचे गुडघे माझ्या मांड्यांना लागत होते, छाती पाठीला. ट्रिपल सीट बसल्यावर मधला माणूस बसतो, तसे. हात मागच्या कॅरियरला नव्हते. ते पुढे, माझ्या जॅकेटच्या खिशांना धरून होते. मी त्यांना मागे सरकायची खूण केली. ते सरकले नाहीत.

आणि गाडी जड झाली होती. हे मोटरसायकल चालवणाऱ्यालाच कळेल. मागचं सस्पेन्शन बसलं की हेडलाइट वर पाहायला लागतो, हँडल हलकं होतं, वळणावर गाडी उशिरा आडवी होते. दोन्ही पेट्या भरून, तंबू बांधून मी स्पितीला गेले होते तेव्हा गाडी अशी चालली होती. आज पेट्या घरी होत्या. आबांचं वजन ते किती.

ते बोलत होते. हेल्मेटमधून मला शब्द कळत नव्हते, फक्त सूर. थोडं बोलायचे, मग थांबायचे, कुणाचं ऐकून घेतल्यासारखे, मग हसायचे, मग पुन्हा. मधल्या जागा नेमक्या उत्तराएवढ्या होत्या. मी आरशात पाहिलं नाही. आरसे माझ्या समोर होते, डावा आणि उजवा, आणि सगळा रस्ता मी फक्त पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीकडे पाहत गाडी चालवली. एकदाच वाटलं, गाडी बाजूला घेऊन बंद करावी. पण बंद केल्यावर आबा त्या दिवशीसारखं ओरडतील, आणि मला वळून मागे पाहावं लागेल, या भीतीने मी चालवत राहिले.

शेड अजून उभी होती. लूम केव्हाच गेले होते; आता तिथे कोऱ्या कापडाच्या गाठी ठेवायचं गोदाम होतं आणि रविवार म्हणून कुलूप. समोर अंगण, कडुलिंबाचं झाड. मी गाडी फाटकापाशी उभी केली. किल्लीला हात लावणार तोच आबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तेले उतरू दे."

त्याला उतरू दे. हळू आवाजात.

मी दोन्ही पाय जमिनीला लावून बसून राहिले. गाडीचा मागचा भाग वर आला. थोडासाच, एखादा माणूस उतरल्यावर स्प्रिंग मोकळी होते तेवढा. आबा अजून माझ्या पाठीला चिकटलेले होते.

मग तेही उतरले. फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले आणि बंद दाराकडे पाहत म्हणाले, "तू आठेच ऱ्हाय. मी आते घर जास." तू इथेच राहा, मी आता घरी जातो. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. पाळी बदलताना माणसं एकमेकांना सांगतात तसं ते सांगणं होतं. त्यांनी थोडं ऐकलं, मान हलवली, परत आले आणि स्वतःच्या हाताने किल्ली फिरवली.

एवढी शांतता मी कडोदऱ्यात कधी अनुभवली नव्हती. झाडावर कावळा होता, तोसुद्धा गप्प.

"आबा," मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन, ओठ दिसतील असं विचारलं, "तुम्ही एवढे पुढे का सरकून बसला होतात?"

ते नेहमीच्या मोठ्या आवाजात ओरडले, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या चहावाल्याने मान वर केली.

"जागा कोठे व्हती!"

येताना ते मागे सरकून बसले आणि गाडी हलकी चालली. सायलेन्सरचा आवाज तोच होता. आबांना तो ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी तिसरा सायलेन्सर परत केला आणि दुसरा बसवायला सांगितला. मालकाला आश्चर्य वाटलं नाही. त्याने ब्रॅकेट सोडलं, सायलेन्सर उजेडात धरला आणि नखाने काहीतरी खरवडायला लागला.

"बेन, पाछळ कोण बेठेलुं?" त्याने विचारलं. मागे कोण बसलं होतं.

"वडील."

"ते तर इथे बसतात." त्याने फूटरेस्टच्या वरची जागा दाखवली. तिथे जीन्सच्या कापडाचा निळसर डाग होता. मग त्याने बोट मागे नेलं, पार टोकाशी, जिथे बसलेल्या माणसाचा पाय पोचत नाही. तिथे वितळलेलं रबर चिकटलं होतं. तळव्याच्या कडेचा आकार, काळा, त्यावर जुन्या पद्धतीच्या चपलेच्या तळाच्या बारीक आडव्या रेघा. मी त्या रविवारी आबांच्या चपला घरी गेल्यावर पाहिल्या होत्या, जळाल्या असतील म्हणून. त्यांचे तळ साफ होते, आणि त्यांना नक्षी गोल आहे.

"बॅग बांधली होती," मी म्हटलं. "तिचा पट्टा असेल."

मालकाने सायलेन्सर बाकाखाली सरकवला आणि दुसरा उचलला. त्यानंतर त्याने तो कुणाला विकला की भंगारात दिला, मी विचारलं नाही. दुसऱ्याने गाडीचं वजन वाढलं, उजवी पेटी थोडी बाहेर सरकवावी लागली. पण आवाज दबका आहे आणि पत्र्यामुळे पायाला ऊब लागते तेवढीच. लॅबमधल्या लोकांना वाटतं मी दिसायला छान म्हणून घेतला.

काही दिवसांनी आबा जेवताना म्हणाले, "माले तेना गावले जानं शे." त्याच्या गावाला जायचं आहे. मायने दोन डबे बांधले.

बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर. घाटात पाऊस होऊन गेला होता, साक्रीच्या पलीकडे गावात शिरताना एक नाला आडवा आला. पाणी जुन्या सायलेन्सरच्या तोंडापर्यंत आलं असतं. आम्ही सरळ पार झालो, आणि मला त्याचा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. माझं सगळं लक्ष समोरच्या गावावर होतं.

घर शोधावं लागलं नाही. आबांना माहीत होतं. एक म्हातारी ओट्यावर शेंगा सोलत होती. कपाळावर कुंकू, गळ्यात काळे मणी. तिने आबांना लगेच ओळखलं. उठली नाही. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं ते माफी मागतील, किंवा रडतील. त्यांनी तिला मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तो कडोदराले शे. मी भेटनू तेले."

तो कडोदऱ्याला आहे, मी भेटलो त्याला. एवढंच. बरा आहे की नाही, येणार की नाही, काही नाही. इतक्या वर्षांनी त्याच्या बायकोला असं सांगणं म्हणजे काय, हे आबांना कळत नव्हतं का? मी पुढे होऊन सावरायला तोंड उघडलं.

पण म्हातारीने नुसती मान हलवली. सुपातल्या शेंगा एका बाजूला केल्या, हात झटकले.

"मंग बरं शे," ती म्हणाली. "च्या ठेवस मी."

आत जाता जाता दाराशी थांबून तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तठे आजून तितलाच आवाज शे का वं पोरी? तेले झोप लागे नही त्या आवाजमा." तिथे अजून तेवढाच आवाज आहे का, त्याला त्या आवाजात झोप लागायची नाही.

आबांना ते ऐकू गेलं नाही. ते तिच्या शेंगा सोलायला लागले होते.

"नाही," मी म्हटलं. "आता तिथे अगदी शांत आहे."